शेअर रिक्षाला रस्त्यावर जागा द्या, दराला पाटी द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, पुणे
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका
मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक)
मा. व्यवस्थापकीय संचालक, पीएमपीएमएल (शहर बससेवा) आणि महामेट्रो (मेट्रो चालवणारी कंपनी)

सविनय नमस्कार.

६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी या टप्प्यांवर मेट्रो धावू लागली. ६ मार्च २०२४ रोजी ती रामवाडीला गेली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जमिनीखालून स्वारगेटला पोहोचली. स्थानके झाली, सरकते जिने झाले. जिना उतरून रस्त्यावर आलेल्या माणसाने पुढचे दोन-तीन किलोमीटर कसे जायचे, ही जबाबदारी मात्र आजपर्यंत कुणी पूर्णपणे घेतलेली नाही. आज ती शेअर रिक्षावाला पार पाडतो. चालानाची टांगती तलवार डोक्यावर, उभे राहायला जागा नाही, दर तोंडी आणि तोही पाऊस आला की बदलणारा.

मेट्रो, बस आणि शेअर रिक्षा यांची सांगड घालून रोज कामावर जाणारे प्रवासी आणि याच रस्त्यांवर सीट भरून रिक्षा चालवणारे चालक अशा दोघांनी मिळून हे पत्र लिहिले आहे. दोघांची भांडणे रोज होतात. ती एकमेकांशी करण्यात अर्थ नाही, त्यांची मुळे आपल्या कार्यालयांत आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला आणि सगळ्यांनी वाचावे म्हणून उघडे.

सुरुवात चौथ्या सीटपासून करतो, कारण सगळा गुंता तिथेच दिसतो.

पुण्यात १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेला रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. म्हणजे तीन किलोमीटरला मीटर साडेपन्नास रुपये दाखवतो. जाऊन-येऊन दोन्ही वेळा भाडे मिळाले तर सहा किलोमीटरचे १०१ रुपये. आता तोच चालक स्थानकाबाहेर २० रुपये सीटने तीन माणसे घेतो. जाताना ६० रुपये. संध्याकाळी स्थानकाकडून वस्तीकडे गर्दी असते, उलट दिशेला नसते, त्यामुळे येताना बहुतेक वेळा एकच सीट मिळते. एकूण ८० रुपये. मीटरपेक्षा २१ रुपये कमी. त्याने आपल्या शेजारी चौथी सीट बसवली की झाले १००.

चौथी सीट ही अशी आहे. तिला नुसती बेशिस्त म्हणून पावती फाडली तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसते, कारण २१ रुपयांची तूट तशीच राहिलेली असते. ती सीट धोक्याची आहे यात शंका नाही. हँडल वळवायला कोपर मोकळे राहत नाही, डावीकडचा आरसा झाकला जातो आणि परवान्यावर तीनच प्रवासी असल्यामुळे अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला आयते कारण मिळते. ज्याचा पाय मोडला त्याला भरपाईसाठी वर्षानुवर्षे चकरा माराव्या लागू शकतात. म्हणून चौथी सीट बंद व्हायलाच हवी. पण ती बंद करायची तर तूट कुठून भरायची याचे उत्तरही आपणच द्यायचे आहे.

उत्तर दर वाढवण्यात कमी आणि थांबण्याचा वेळ कमी करण्यात जास्त आहे. सीएनजी किलोला ९० रुपये आणि एका किलोत ३० किलोमीटर धरले तर इंधनाचा खर्च किलोमीटरला ३ रुपये, सहा किलोमीटरच्या फेरीला १८. ऐंशीतून ते वजा जाता उरले ६२. जायला बारा मिनिटे, यायला बारा मिनिटे आणि दोन्ही टोकांना सीट भरायला आठ-आठ मिनिटे धरली तर फेरी चाळीस मिनिटांची. दहा तासांत पंधरा फेऱ्या, ९३० रुपये. यातूनच बँकेचा हप्ता किंवा मालकाचे रोजचे भाडे जाते. आता दोन्ही टोकांना आठऐवजी पंधरा मिनिटे थांबावे लागले असे समजा. फेरी चोपन्न मिनिटांची होते, दिवसाला अकराच फेऱ्या बसतात आणि हातात ६८२ रुपये येतात. दर तोच, इंधन तेच, फक्त थांबण्याने २४८ रुपये गेले. ठरलेला थांबा आणि नंबरने सुटणारी गाडी या दोन गोष्टी चालकाच्या दृष्टीने दरवाढीपेक्षा मोठ्या आहेत. जागा ठरलेली नसली की चालक हॉर्न वाजवत स्थानकाभोवती घिरट्या घालतो, इंधन जाळतो, दुसऱ्याची सीट पळवतो, आणि प्रवासी ‘एक सीट, एक सीट’ ऐकत अर्ध्या भरलेल्या रिक्षात बसून राहतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली, कायद्याची. शेअर रिक्षा बेकायदा आहे असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(७) मध्ये कंत्राटी वाहनाची (ठरवून भाड्याने घ्यायच्या प्रवासी वाहनाची) व्याख्या आहे आणि प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी मोटार कॅब त्या व्याख्येत बसते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. चालकासह सातपर्यंत आसने असलेली रिक्षा मोटार कॅबच्याच वर्गात येते. प्राधिकरणाने मार्ग आणि दर मंजूर केले की सीटप्रमाणे भाडे घेण्यात बेकायदा काही उरत नाही. वाटेत हात दाखवील त्याला बसवत, उतरवत बससारखे चालणे हा मुद्दा वेगळा, आणि तो परवान्याच्या अटींनी सोडवता येतो. वाहने उभी करण्याच्या जागा आणि थांबे ठरवण्याचा अधिकार कलम ११७ देते, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. म्हणजे हातात अधिकार आहे, वापर नाही. काही मार्ग आणि दर कागदावर ठरले असले तरी जो दर स्थानकाबाहेरच्या खांबावर वाचायला मिळत नाही तो प्रवाशाच्या लेखी ठरलेलाच नाही.

दुसरी तक्रार जागेची. एक रिक्षा सुमारे २.६५ मीटर लांब आणि १.३ मीटर रुंद असते. पाच रिक्षा एकामागे एक, मध्ये साठ सेंटीमीटर सोडून, उभ्या करायला साधारण साडेपंधरा मीटर लागतात. तीन मोटारी उभ्या राहतात तेवढीच ही जागा! या तीन मोटारी दिवसभरात तीन घरांची सोय करतात, पाच रिक्षांचा थांबा शेकडो माणसांची. तरीही पट्टे मारायची वेळ आली की जागा नसल्याचे उत्तर मिळते.

थांबा कुठे असावा यालाही महत्त्व आहे. लिफ्ट आणि जिना जिथे जमिनीला टेकतात तिथून तो दिसला पाहिजे. रस्ता ओलांडून पलीकडे दिला तर रिक्षा तिथे उभ्या राहणार नाहीत, त्या लिफ्टच्या तोंडाशीच येतील, आणि मग दोष चालकाला दिला जाईल. बसथांबा आणि रिक्षाथांबा यांत किमान वीस मीटर अंतर हवे. बारा मीटरच्या बसला कडेला यायला तेवढी मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही की बस दुसऱ्या रांगेत थांबते आणि म्हाताऱ्या माणसाला भर रस्त्यात उतरावे लागते. साध्या रंगाचे पट्टे एका पावसाळ्यात पुसले जातात, म्हणून थर्मोप्लास्टिकचेच (वितळवून घातलेल्या जाड थराचे) मारावेत. आणि पट्टे मारून काम संपत नाही. पहिल्या आठवड्यातच तिथे दुचाक्या लागतात, त्या उचलायची जबाबदारी कुणाची हे आधी लिहून ठरले पाहिजे.

तिसरी, पैशांची, आणि ही सगळ्यांत जास्त टोचते. घरापासून तीन किलोमीटर शेअर रिक्षा, सहा किलोमीटर मेट्रो आणि तिथून तीन किलोमीटर पुन्हा शेअर रिक्षा, असा बारा किलोमीटरचा प्रवास घ्या. २० अधिक २० अधिक २०, म्हणजे ६० रुपये. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणारी दुचाकी आणि १०४ रुपयांचे पेट्रोल धरले तर तोच प्रवास २८ रुपयांत होतो. महिन्याचे २६ दिवस, दोन्ही वेळा, म्हणजे ३,१२० रुपये विरुद्ध १,४५६. दुचाकीचा हप्ता आणि दुरुस्ती यात धरलेली नाही हे खरे. पण दारात दुचाकी उभी असलेला माणूस रोज सकाळी हप्त्याचा हिशेब करत नाही, तो पेट्रोलचा करतो. पुण्याच्या रस्त्यावर दुचाक्या का वाढतात याची कारणे शोधायला फार लांब जायला नको.

रिक्षाच्या जागी बस असेल तर हाच आकडा ४० वर येतो, कारण १ जून २०२५ च्या दरवाढीनंतरही पीएमपीएमएलचे पहिल्या पाच किलोमीटरचे तिकीट १० रुपये आहे. मात्र त्याच दिवशी दैनिक पास ४० वरून ७० रुपयांवर आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. रोज दोनदा वाहन बदलणाऱ्या माणसाला पासच परवडायला हवा होता. जो जितका लांब राहतो तितक्या वेळा वाहन बदलतो आणि प्रत्येक वेळी नवे किमान भाडे भरतो. जनता वसाहतीच्या अरुंद चढावर मोठी बस जाऊ शकत नाही, तिथल्या कामगार बायका हा भुर्दंड रोज सोसतात. न्याय्य वाहतूक म्हणजे काय हे ठरवायचे असेल तर मोजमाप या चढावर घ्यावे.

चौथी तक्रार ॲपवरच्या प्रवासाची. केंद्र सरकारच्या १ जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूळ भाड्याच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंत दर आकारता येतो. म्हणजे ज्या तीन किलोमीटरचे मूळ भाडे सुमारे ५१ रुपये, त्याचे पंचवीसही होऊ शकतात आणि एकशे दोनही. पंचवीस झाले की चालक मरतो, एकशे दोन झाले की प्रवासी. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळावा, असेही त्याच सूचना सांगतात. पण रिक्षांच्या बाबतीत अनेक ॲप कंपन्या आता कमिशन सोडून रोजच्या ठरावीक शुल्कावर आल्या आहेत. ही पद्धत चालकाला कमिशनपेक्षा परवडते हे आम्ही मान्य करतो. अडचण वेगळीच आहे. कंपनी म्हणते भाडे तुमच्या दोघांतले, आम्ही फक्त गाठ घालून देतो. मग ॲप ३८ रुपये दाखवते, चालक मीटरचे ५१ मागतो, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि तक्रार ऐकणारे कुणीच नसते. कंपनीने चालकाची आयडी (ॲपवरचे खाते) बंद केली तर कारण सांगणारे माणूसही सापडत नाही, एका संदेशावर एका कुटुंबाची चूल थांबते.

शासनाने ई-बाइक टॅक्सीचे दर मात्र तत्परतेने ठरवले. पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. तीन किलोमीटरला सुमारे ३० रुपये होतात, त्यात एक वाहन एका माणसाला नेते. शेअर रिक्षा २० रुपयांत तीन माणसांना नेते. कमी जागेत जास्त माणसे नेणाऱ्या वाहनाला आधी नियम मिळायला हवे होते.

सायकलींबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो धडा अजून गिरवलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या, पुढच्या वर्षी शहरभर पिवळ्या, नारिंगी, निळ्या सायकली दिसू लागल्या, आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेक नाहीशा झाल्या. कुलुपे फुटली, चाके वाकली, सायकली गल्लीबोळांत आणि नाल्यांत पडल्या. लोकांना शिस्त नाही एवढे म्हणून हा विषय मिटवला गेला. खरे कारण असे की कुठेही उचला, कुठेही सोडा या पद्धतीत सायकल जिथे हवी तिथे परत आणून ठेवायला माणसे आणि टेम्पो लागतात, त्याचा खर्च भाड्यातून निघत नाही, आणि तो उचलायला महापालिका तयार नव्हती. जून २०१७ मध्येच म्हैसूरला ‘ट्रिन ट्रिन’ सुरू झाली, ४५० सायकली आणि ४८ ठरलेली स्थानके, कार्ड लावून सायकल काढायची आणि स्थानकावरच परत लावायची. तिथे सार्वजनिक पैसा होता आणि जबाबदार यंत्रणा होती. सायकलीच्या बाबतीत झालेली चूक शेअर रिक्षाच्या बाबतीत आपण गेली चार वर्षे करत आहोत. सेवा लोकांची, फायदा शहराचा आणि जोखीम मात्र एकट्या चालकाची.

आमच्या मागण्या अशा.

१. स्वारगेट, वनाज, रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड या चार स्थानकांबाहेर आरटीओ, वाहतूक पोलीस, महापालिका, पीएमपीएमएल आणि महामेट्रो यांनी साठ दिवसांत संयुक्त पाहणी करावी. पाहणीच्या वेळी चालकांचे आणि प्रवाशांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी असावेत. अहवाल मराठीत, नकाशासह, सर्वांना पाहता यावा.

२. प्रत्येक थांब्यावर पाटी लावावी. तिच्यावर थांब्याचा क्रमांक, मार्ग, मधली उतरण्याची ठिकाणे, सीटचा दर, रात्रीचा दर, ‘प्रवासी तीन’ हे शब्द आणि तक्रारीचा क्रमांक असावा. हाच दर रिक्षात, चालकाच्या पाठीमागे, लावलेला असावा. मीटर शेअरचे भाडे दाखवत नाही, त्यामुळे लिखित दराशिवाय दुसरा पुरावा नसतो.

३. गाडी तीन सीट भरल्यावर किंवा नंबर लागल्यापासून आठ मिनिटांनी, यांतले जे आधी होईल तेव्हा सुटावी. दुपारी अकरा ते चार या वेळेत रिकाम्या जाणाऱ्या एका सीटची भरपाई शहराने द्यावी. एका थांब्यावर वीस रिक्षा, प्रत्येकीच्या सात फेऱ्या, सीटला २० रुपये, म्हणजे दिवसाला २,८०० आणि तीस दिवसांचे ८४ हजार रुपये. यात लबाडी होऊ शकते, भरलेली सीट रिकामी दाखवली जाईल. म्हणून प्रवाशाने बसताना रिक्षातला क्यूआर स्कॅन करावा, आणि फोन नसलेल्यासाठी थांब्यावरच्या नियंत्रकाने कागदी कूपन द्यावे. दोन्हींची बेरीज आणि सुटलेल्या गाड्यांची नोंदवही जुळली तरच पैसे द्यावेत.

४. हे पैसे कुठून येतील असे आपण विचाराल. रस्त्यावर गाडी उभी करायला शुल्क घेण्याचे धोरण पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने २०१८ मध्ये मंजूर केले होते, ते बहुतांश रस्त्यांवर उतरलेच नाही. स्थानकाच्या पाचशे मीटरच्या परिसरात तरी ते लागू करा आणि त्यातली रक्कम याच थांब्यांसाठी राखून ठेवा.

५. मेट्रो, बस आणि शेअर रिक्षा यांचा एक मासिक पास काढावा. त्याची किंमत दुचाकीच्या पेट्रोलखर्चाच्या आसपास असावी, निदान दीडपटीच्या वर जाऊ नये. चालकाला त्याचे पैसे त्याच दिवशी खात्यात मिळावेत. आठवडाभराने मिळणार असतील तर तो पासवाल्याला बसवणार नाही, कारण सीएनजी रोज रोखीने भरावा लागतो.

६. थांबे आखताना जिथे बस आहे तिथे बसशी स्पर्धा करू नये. ज्या मार्गावर दहा मिनिटांना बस आहे तिथे शेअर मार्ग देऊ नका, तो बस न जाणाऱ्या वस्त्यांकडे वळवा.

७. विजेवरच्या रिक्षांना परवान्यातून सूट आहे, त्यामुळे परवान्याच्या अटी त्यांना लागू करता येत नाहीत. त्यांच्यासाठी थांब्याच्या मंजुरीतच दर, प्रवासीसंख्या आणि मार्ग यांच्या अटी घालाव्यात. महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा योजनेत रिक्षाच्या किमतीपैकी २० टक्के शासन, १० टक्के लाभार्थी आणि ७० टक्के बँकेचे कर्ज आहे. कर्ज बाईच्या नावावर आहे, ठरलेले भाडे मात्र कुणी दिलेले नाही. तीन किलोमीटरची ठरलेली फेरी विजेच्या रिक्षाला सगळ्यांत सोयीची, कारण चढ किती आणि दिवसाचे अंतर किती हे आधीच कळते. या चार थांब्यांवर किमान एक तृतीयांश नंबर त्यांना द्यावेत आणि स्थानकाच्या वाहनतळात दुपारी चार्जिंगची जागा राखावी.

८. शहरात परवाना घेऊन चालणाऱ्या प्रत्येक ॲप कंपनीने पुण्यात तक्रार अधिकारी नेमावा, तो फोनवर माणूस म्हणून बोलावा. रिक्षासाठी ॲपवर दिसणारा दर प्राधिकरणाने ठरवलेल्या दरापेक्षा कमी नसावा. चालकाची आयडी लेखी कारणाशिवाय बंद होऊ नये आणि त्याचे म्हणणे सात दिवसांत ऐकले जावे. कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी सरासरी भाडे, रद्द झालेल्या फेऱ्या आणि रिकामे धावलेले किलोमीटर प्राधिकरणाला द्यावेत व प्राधिकरणाने ते प्रसिद्ध करावेत.

९. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के वर्गणीची तरतूद आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. स्थानकाबाहेर ॲपशिवाय सीट भरणारा चालक या वर्गणीच्या लाभात बसत नाही. त्याची नोंदणी थांब्यावरच शिबिर घेऊन चालकांच्या कल्याणकारी मंडळात करावी. त्यासाठी त्याला दिवसाची कमाई सोडून कार्यालयात रांग लावायला लावू नये.

आमच्या बाजूने आम्ही इतके लिहून देतो. थांबा आणि आठ मिनिटांचा नियम लागू झाला की या पत्रावर सह्या करणारा कुणीही चालक चौथी सीट घेणार नाही, थांबा सोडून लिफ्टच्या तोंडाशी गाडी लावणार नाही आणि पावसात दर वाढवणार नाही. प्रवासी रांगेत उभे राहतील, सुटे पैसे किंवा पास तयार ठेवतील आणि चौथा म्हणून बसायचा आग्रह धरणार नाहीत. हा शब्द मोडला तर दंड करा, तक्रार करणार नाही.

पहिली संयुक्त पाहणी स्वारगेटला घ्यावी ही विनंती. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत यावे, सकाळी अकराला आलात तर तिथे काही दिसणार नाही. तारीख कळवावी, आम्ही फीत आणि खडू घेऊन हजर राहू.

आपले,
मेट्रो-बस-शेअर रिक्षाचे प्रवासी आणि रिक्षाचालक,
पुणे व पिंपरी-चिंचवड